दुखणे अंगावर काढण्याचे कौतुक
(खेळाडूची दुखापत, प्रेक्षकाची भाषा आणि हिंगोलीचा अनुभव)

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये इंग्लंडात झालेल्या कसोटी मालिकेने क्रिकेटच्या चाहत्यांना दोन चित्रे दिली. मँचेस्टरला रिव्हर्स स्वीपचा फटका चुकला, ख्रिस वोक्सचा चेंडू ऋषभ पंतच्या उजव्या पायावर आदळला आणि तो ३७ धावांवर मैदान सोडून गेला. पायाचे हाड मोडले होते. दुसऱ्या दिवशी तोच पंत लंगडत परत आला आणि ५४ धावा करून बाद झाला. पुढच्या, ओव्हलच्या कसोटीत त्याच वोक्सचा डावा खांदा निखळला. शेवटच्या सकाळी इंग्लंडचा नववा गडी बाद झाला तेव्हा तो स्वेटरच्या आत हात झोळीत बांधून मैदानात उतरला. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही. भारताने सामना ६ धावांनी जिंकला.

या दोन चित्रांच्या शेजारी चाहत्यांनी तिसरे चित्र आपणहून उभे केले, जसप्रीत बुमराहचे. तो पाचपैकी तीनच कसोटी खेळेल असे मालिकेआधीच जाहीर झाले होते आणि तसेच झाले. मोहम्मद सिराज पाचही कसोटी खेळला, २३ बळी घेऊन गेला. मग तुलना सुरू झाली. कोण कणखर, कोण नाजूक? कोणाच्या अंगात दम, कोणाच्या अंगात नखरे? हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या चहाच्या टपऱ्यांवर, बसस्थानकांवर, न्हाव्याच्या दुकानांत ही चर्चा मी पावसाळाभर ऐकत होतो. क्रिकेटच्या तंत्रावर बोलणारे थोडे होते. बहुतेक जण माणसाने दुखणे कसे वागवावे यावर बोलत होते. म्हणून मला ती चर्चा खेळाच्या पानापुरती न वाटता भाषेच्या आणि मूल्यांच्या अभ्यासाचा विषय वाटली. प्रस्तुत लेख त्या चर्चेचे टीकात्मक वाचन आहे.

माझा मुद्दा आधीच सांगतो. जखमी होऊनही खेळणाऱ्याचे कौतुक करताना आपण दोन वेगळे गुण एका शब्दात कोंबतो. संकटासमोर उभे राहणे हा एक गुण. झालेली इजा लपवून, दाबून काम रेटणे हा दुसरा. पहिल्याला धाडस म्हणतात. दुसऱ्याला मराठीत फार नेमका शब्दप्रयोग आहे: दुखणे अंगावर काढणे. या दोहोंत आपण घोळ घालतो तेव्हा त्याची किंमत मोजणारा माणूस पुष्कळदा मैदानाच्या बाहेरचा असतो.

शब्दांची झडती

मराठी क्रीडापत्रकारितेला वि. वि. करमरकरांनी स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून क्रिकेट घराघरांत मराठीतून पोचवले. द्वारकानाथ संझगिरींनी त्याला गप्पांची आणि कथेची गोडी दिली. या परंपरेने आपल्याला खेळाची भाषा दिली, आणि तिच्यात जखमेसाठीचे शब्द बहुतेक रणांगणावरून आले. झुंजार, लढवय्या, जिगरबाज, चिवट, पोलादी. गडी ‘धारातीर्थी’ पडतो, संघ ‘खिंड लढवतो’. ही भाषा रसरशीत आहे, मलाही ती आवडते. पण युद्धाच्या भाषेत जखम हा पुरावा असतो. ज्याला जखम नाही तो लढलाच नाही, अशी शंका तिच्या पोटात दडलेली असते.

हिंगोलीच्या बोलण्यात याहून वेगळा शब्दसंग्रह सापडतो आणि तो अधिक बोलका आहे. ‘गड्यात दम हाय’ हे कौतुक. ‘नाटक करायलाय’ हा संशय. ‘येवढ्याशानं काय मरतंय का’ ही दटावणी. यातला एकही शब्द युद्धातला नाही, तिन्ही कामाच्या ठिकाणचे आहेत. उसाच्या फडात, हळदीच्या वावरात, वीटभट्टीवर मुकादम मजुराला आणि घरात मोठी माणसे सुनेला हेच बोलतात. चाहता पंतला किंवा बुमराहला तोलतो तो याच तराजूत. शहरी समीक्षक याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतील. मला तसे वाटत नाही. तराजू खरा आहे, तो कशासाठी बनला हे मात्र पाहायला हवे.

दोन म्हणींची साक्ष इथे घेण्याजोगी आहे. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही आपल्याकडची लाडकी म्हण. तिच्यात घाव घालणारा शिल्पकार आहे, त्याला मूर्ती घडवायची आहे, म्हणजे घावामागे हेतू आहे. दुसरी म्हण ‘सर सलामत तो पगडी पचास’. ही दख्खनच्या बाजारांत रुळलेली हिंदुस्थानी म्हण आपण मराठीत बिनदिक्कत वापरतो. पहिली व्याख्यानात आणि शाळेच्या फळ्यावर असते, दुसरी घरात, मुलगा मोटारसायकल घेऊन बाहेर पडताना. दुसऱ्याच्या मुलासाठी पहिली आणि आपल्या मुलासाठी दुसरी, असा आपला व्यवहार आहे.

किंग्स्टन, १९७६

या वादाचे मराठी माणसाला जवळचे मूळ प्रकरण शोधायचे तर १९७६ च्या किंग्स्टन कसोटीकडे जावे लागते. आदल्या पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत भारताने चौथ्या डावात ४०६ धावा करून विजय मिळवला होता. तो पराभव जिव्हारी लागलेल्या क्लाइव्ह लॉइडने जमैकात वेगवान गोलंदाजांचा ताफा उतरवला. खेळपट्टीवर चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नव्हता. सुनील गावसकर आणि अंशुमान गायकवाड यांनी १३६ धावांची सलामी दिली. गावसकर ६६ वर बाद झाले. बडोद्याचे गायकवाड अंगावर चेंडू घेत उभे राहिले आणि ८१ वर असताना मायकेल होल्डिंगचा चेंडू त्यांच्या डाव्या कानावर आदळला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. ते थेट रुग्णालयात गेले आणि त्या कानाने त्यांना पुढेही बराच त्रास दिला. गुंडाप्पा विश्वनाथांचे बोट मोडले, ब्रिजेश पटेलांचे तोंड फुटले.

कर्णधार बिशनसिंग बेदींनी पहिला डाव ६ बाद ३०६ वर घोषित केला. दुसऱ्या डावात मोहिंदर अमरनाथांनी ६० धावा केल्या, तरी ५ बाद ९७ वर भारताचा डाव संपला, कारण उरलेले पाच जण ‘दुखापतीमुळे अनुपस्थित’ होते. त्यांत क्षेत्ररक्षण करताना हात दुखावलेले बेदी आणि चंद्रशेखरही होते. आधी समज असा झाला की बेदींनी डाव घोषित केला. मग भारतीय संघाकडून स्पष्ट करण्यात आले की फलंदाजीला उतरण्यासारखे कोणी उरलेच नव्हते. वेस्ट इंडिजला १३ धावा हव्या होत्या, त्यांनी १० गडी राखून सामना जिंकला.

येथे चाहत्यांचे दोन तट पडतात आणि ते आजही शिल्लक आहेत. एक तट म्हणतो, बेदी डरले. बोट मोडले म्हणून काय झाले, एका हाताने उभे राहायचे होते. दुसरा म्हणतो, बेदींनी संघ जिवंत परत आणला. माझ्या मते बेदींचा निर्णय भारतीय क्रिकेटमधल्या मोठ्या धाडसी निर्णयांपैकी एक आहे, आणि त्याचे कारण धावफलकातच आहे. १२ धावांची आघाडी असताना मोडक्या बोटांनी आणखी वीस-पंचवीस धावा जमवून सामना वाचणार नव्हता. जी इजा सोसून काही साधणार नव्हते ती आपल्या माणसांना सोसायला लावण्याचे त्यांनी नाकारले. ‘भित्रा’ म्हणवून घेण्याची तयारी ठेवून माणसे वाचवणे हेही सोसणेच आहे. त्याची जखम दिसत नाही म्हणून प्रेक्षकाच्या हिशेबात ती धरली जात नाही.

गायकवाडांच्या आत्मचरित्राचे नाव ‘गट्स अमिड्स्ट ब्लडबाथ’. रक्तपातातली छाती, असा त्याचा अर्थ. २०२३ साली, म्हणजे त्या दिवसानंतर ४७ वर्षांनी आलेल्या पुस्तकाला हे नाव मिळावे, यातच आपली आवड उघड होते. गायकवाड ४० कसोटी खेळले. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटे फलंदाजी करून त्यांनी २०१ धावा केल्या. सव्वाअकरा तासांची ती एकाग्रता कानावर बसलेल्या एका चेंडूपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकलेले धैर्य होते. तरी २०२४ च्या जुलैअखेर ते गेले तेव्हा लोकांना आधी आठवला तो कान. रक्त लक्षात राहते, चिकाटी विसरली जाते.

हेल्मेट घातलेले शौर्य

दुसरे प्रकरण संदीप पाटील यांचे. १९८१ च्या जानेवारीत सिडनीला त्यांच्या गळ्यावर आधी रॉडनी हॉगचा चेंडू बसला. पुढे लेन पॅस्कोचा चेंडू कानाजवळ असा बसला की ते खेळपट्टीवरच कोसळले. ६५ धावांवर त्यांना मैदान सोडावे लागले. भारत एका डावाने हरत होता, म्हणून दुसऱ्या डावात ते पुन्हा उतरले आणि ४ धावा करून परतले. पुढची कसोटी अॅडलेडला. तिथे त्यांनी १७४ धावा झोडपल्या आणि सामना अनिर्णित राहिला.

चाहत्यांच्या कथनात सिडनीचा दुसरा डाव आणि अॅडलेडचे शतक एका दमात सांगितले जातात, जणू पहिल्यामुळे दुसरे झाले. दोहोंच्या मध्ये दोन गोष्टी होत्या त्या गाळल्या जातात. सामन्यांच्या मधले दिवस, आणि हेल्मेट. सिडनीला उघड्या डोक्याने खेळलेला माणूस अॅडलेडला हेल्मेट घालून खेळला. १७४ धावांमागे जिद्द होतीच. त्या जिद्दीला विश्रांती मिळाली आणि डोक्यावर कवच मिळाले, तेव्हा तिच्या धावा झाल्या. सिडनीच्या दुसऱ्या डावात तीच जिद्द ४ धावांवर थांबली होती.

हेल्मेटलाही सुरुवातीला नामर्दपणाचा शिक्का सोसावा लागला. १९७८ साली ब्रिजटाउनला ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यालप कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घालून उतरला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच गावात १९६२ मध्ये भारताचा कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या कवटीला चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने तडा गेला होता. त्यांना वाचवण्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते, पॉली उम्रीगर होते. काँट्रॅक्टर बचावले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. ज्या मैदानाने हे पाहिले त्याच मैदानाने सोळा वर्षांनी हेल्मेटला हसावे, यावरून प्रेक्षकाची स्मृती किती आखूड असते ते कळते.

सचिनचे तीन प्रसंग

या विषयावर मराठी घरांत सचिन तेंडुलकरचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. १९८९ मध्ये सियालकोटला वकार युनूसचा चेंडू नाकावर बसून रक्त आले, सोळा वर्षांचा मुलगा हटला नाही आणि ५७ धावा करून गेला. समोरच्या टोकाला असलेले नवज्योतसिंग सिद्धू ‘मैं खेलेगा’ हे त्याचे उद्गार अजून रंगवून सांगतात. १९९९ च्या जानेवारीत चेन्नईला पाठदुखीने वाकलेल्या सचिनने पाकिस्तानविरुद्ध १३६ धावा केल्या. २७१ चे लक्ष्य होते, तो २५४ वर बाद झाला, उरलेले तीन गडी चार धावांत गेले आणि भारत १२ धावांनी हरला. येथे कौतुक लगेच फिरले. ‘शेवटपर्यंत उभा राहत नाही’ हा ठपका त्याच्यावर त्या दिवशी बसला आणि तो पुसायला बरीच वर्षे गेली. पाठीने साथ सोडलेल्या माणसावर, आणखी १७ धावा केल्या नाहीत म्हणून.

तिसरा प्रसंग सर्वांत बोधक आहे. मार्च २००६, वानखेडे, इंग्लंडविरुद्धची कसोटी. सचिन १ धाव काढून बाद झाला आणि त्याच्याच गावच्या प्रेक्षकांतून हुर्यो उठली. कोपराच्या शस्त्रक्रियेला एक वर्षही पूर्ण झाले नव्हते आणि आता खांदाही दुखत होता. त्या सामन्यानंतर लगेचच त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे ज्या दिवशी प्रेक्षकांनी त्याला झिडकारले त्या दिवशी तो आपण ज्याला कणखरपणा म्हणतो तेच करत होता, दुखणे अंगावर काढत होता. सियालकोटला रक्त दिसले म्हणून टाळ्या मिळाल्या. वानखेडेवर खांद्याच्या आतली इजा दिसत नव्हती, म्हणून हुर्यो मिळाली.

यातून निघणारा निष्कर्ष चाहत्याला आवडणार नाही, पण तो टाळता येत नाही. आपण सोसण्याला दाद देत नाही. दिसणाऱ्या आणि यशस्वी झालेल्या सोसण्याला दाद देतो. तेच सोसणे अयशस्वी ठरले की त्याला ‘फॉर्म गेला’ म्हणतो आणि ते दिसले नाही तर ‘नाटक’ म्हणतो.

डोक्याची इजा बोलत नाही

हाड मोडले तर कळ येते, कळ मर्यादा सांगते. मेंदूला मार लागला तर पुष्कळदा माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि त्याला तसे खरोखर वाटत असते. रमण लांबा १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करत होता. षटकाचे तीनच चेंडू उरले आहेत म्हणून त्याने हेल्मेट मागवले नाही. चेंडू कपाळाजवळ बसला. तो आपल्या पायांनी तंबूत गेला आणि तीन दिवसांनी वारला. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर जोफ्रा आर्चरचा चेंडू बसला. तो तपासणीनंतर परत येऊन ९२ पर्यंत खेळला, आणि मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे दुसऱ्या दिवशी दिसली. सुदैवाने त्याच महिन्याच्या १ तारखेपासून कसोटीत अशा इजेसाठी बदली खेळाडूचा नियम आला होता. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. नियम नसता तर स्मिथ पुन्हा उतरला असता, आणि आपण त्यालाही वाघ म्हटले असते.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली. तिथेही धडका सोसून उभा राहणाराच खरा गडी, असे चाहते मानत. पिट्सबर्गचा नावाजलेला खेळाडू माइक वेबस्टर २००२ मध्ये वयाच्या पन्नाशीत हालअपेष्टांत वारला. त्याचे शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालूंना त्याच्या मेंदूत वारंवारच्या धक्क्यांनी झालेल्या ऱ्हासाच्या खुणा सापडल्या. पुढे हजारो माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि तिथल्या लीगला मोठी भरपाई मान्य करावी लागली. प्रेक्षकांनी ज्या धडकांना टाळ्या वाजवल्या होत्या त्यांचे बिल वीस-तीस वर्षांनी आले, आणि ते आले खेळाडूंच्या बायकामुलांकडे.

अनिल कुंबळेचे उदाहरण याच प्रकाशात पाहायला हवे. २००२ मध्ये अँटिग्वाला जबडा मोडलेला असताना पट्टी बांधून त्याने १४ षटके टाकली आणि ब्रायन लाराला बाद केले. ते दृश्य मला आजही थरारून टाकते. पण ते थोर वाटते त्याला कारणे आहेत. इजा काय आहे हे त्याला ठाऊक होते, शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतायचे ठरलेले होते, आणि तो गोलंदाजी करत होता, उसळत्या चेंडूसमोर डोके धरून उभा नव्हता. ही सारी चौकट पुसून नुसती पट्टी लक्षात ठेवली की थोरवीचे रूपांतर सक्तीत व्हायला वेळ लागत नाही.

सीमेवरचा जवान आणि मैदानावरचा गडी

ओव्हलच्या विजयानंतर सुनील गावसकरांनी सिराजचे कौतुक करताना ‘वर्कलोड’ हा शब्दच भारतीय क्रिकेटमधून जावा असे मत मांडले. सीमेवरचा जवान थंडीची तक्रार करतो का, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच ओघात त्यांनी पंतच्या मोडलेल्या पायाचा दाखला दिला. गावसकरांचे बोलणे मराठी माणूस कान देऊन ऐकतो, ते योग्यच आहे. म्हणूनच त्याची चिकित्सा आदराने, पण स्पष्ट करायला हवी.

हेच गावसकर १९७६ च्या किंग्स्टनला गायकवाडांच्या जोडीने उभे होते. त्याच वर्षी आलेल्या ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात त्यांनी तिथल्या गोलंदाजीवर, पंचांवर आणि रक्ताला चेकाळलेल्या प्रेक्षकांवर अतिशय कडक टीका केली. त्या तरुण फलंदाजाला ठाऊक होते की प्रेक्षक दुसऱ्याच्या शरीरावर किती सहज उदार होतो. पुढे ते स्वतः हलके कवच डोक्यावर घालून खेळले. पाठीच्या हाडाला भेग पडून ज्याचे जवळजवळ एक वर्ष गेले, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०२५ च्या जानेवारीत सिडनीला ज्याची पाठ पुन्हा धरली, त्या बुमराहबद्दल त्या तरुण गावसकरांनी काय म्हटले असते, हा प्रश्न आजच्या गावसकरांच्या चाहत्याने स्वतःला विचारावा.

जवानाच्या उपमेतही गफलत आहे. सैन्यात जखमी जवानाला मागे आणण्याची पक्की व्यवस्था असते. मोडक्या पायाने पहारा दे असे कोणतेही सैन्य सांगत नाही. जवानाला वैद्यकीय दर्जा असतो, पेन्शन असते. या उपमेतून आपण जवानाचा त्याग तेवढा उचलतो, त्याच्या पाठीशी असलेली व्यवस्था सोडून देतो.

तराजू कुठून आला

आता हिंगोलीच्या तराजूकडे वळतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. वसमतला हळद संशोधन केंद्र उभे राहते आहे, हिंगोली आणि वसमतच्या बाजारांत हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात. हळदीचे काम पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. पाला कापणे, कंद उकरणे, वेचणे, शिजवणे, वाळवणे, ढोलात घालून पॉलिश करणे, हे सगळे उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. वाफेने हात भाजतात, कमरा धरतात. मजुरी दिवसाची किंवा उक्त्याची. ज्या दिवशी खाडा त्या दिवशी मजुरी नाही. उसाला जाणाऱ्या कोयत्याचे तर उचलच आधी घेतलेली असते, म्हणून आजारी पडले तरी फेडीसाठी फडात उभे राहावेच लागते.

अशा जिल्ह्यात ‘दुखणे अंगावर काढणे’ हा गुण म्हणून रुजला यात नवल नाही. तो गरजेतून आला आणि गरजेला अब्रूचे कपडे चढवल्याशिवाय माणसाला जगवत नाही. ताप असताना वावरात गेलेली बाई ‘माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता’ असे सांगत नाही, ‘मी दम धरला’ असे सांगते. तेच वाक्य तिला ताठ उभे ठेवते. मग पडद्यावर कोट्यधीश खेळाडू लंगडत मैदानात येतो तेव्हा तिच्या घरातल्या तरुणाला आपलेच घर दिसते. त्याच्या टाळीत आपल्या आईबापांची न वाजलेली टाळी असते. आणि बुमराह विश्रांती घेतो तेव्हा त्याला राग येतो, कारण त्याच्या घरात विश्रांती कोणालाच मिळालेली नाही.

हा राग मला समजतो. पण तो चुकीच्या दिशेने जातो. बुमराहला विश्रांती मिळते हा अन्याय नाही, हळद शिजवणाऱ्या बाईला ती मिळत नाही हा अन्याय आहे. एकाची विश्रांती काढून घेतल्याने दुसरीला ती मिळणार नाही. उलट पंतचा मोडका पाय उद्या मुकादमाच्या तोंडी येतो: ‘त्यो मोडक्या पायानं खेळला, तुला बोट कापलं तर चालंना?’ मैदानावरचे कौतुक कामाच्या ठिकाणी दटावणी होऊन परतते. या लेखाचे प्रयोजन ते आहे.

जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडावर हे फार जवळून दिसते. हलगी वाजते, नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत दिवस चढत जातो. फडावर फेटे बांधणारा असतो, इनाम पुकारणारा असतो. डॉक्टर असतोच असे नाही. कुस्ती लांबली आणि पंचांनी ती बरोबरीत सोडवली की लोक ओरडतात, निकालीच पाहिजे म्हणतात. पण त्याच फडावर दुसरी एक रीत आहे जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पोराचा खांदा किंवा गुडघा फिरलेला वस्तादाच्या नजरेला आधी दिसतो. तो हौदाच्या कडेवरून उठतो, आत शिरतो आणि कुस्ती थांबवतो. लोकांची ओरड तो ऐकून घेतो. पोरगा ‘लढतो, लढतो’ म्हणत असला तरी वस्ताद त्याचे ऐकत नाही. पोराचे काम दम दाखवण्याचे, वस्तादाचे काम तो दम कुठे थांबवायचा ते ओळखण्याचे. चांगल्या तालमीत या दोन कामांची वाटणी झालेली असते. किंग्स्टनला बेदींनी वस्तादाचे काम केले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची हकिगत इथे आठवते. खाशाबा जाधवांना जपानच्या इशिईबरोबरची दमवणारी लढत संपताच, पुरेशी विश्रांती न मिळता, सोव्हिएत मल्लाशी कुस्ती धरावी लागली. आक्षेप घ्यायला भारताचा अधिकारी जवळ नव्हता. ते हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण या गोष्टीतून खाशाबांचा चिवटपणा शिकवतो. तिच्यातला दुसरा धडा असा की माणूस कितीही चिवट असला तरी त्याच्या बाजूने ‘थांबा’ म्हणणारे कोणी हवे. ते नसले म्हणजे चिवटपणा एकटा पडतो.

मग कौतुक करायचेच नाही का?

असा आक्षेप येईल, आणि तो वाजवी आहे. २०२१ च्या जानेवारीत अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली सिडनीची कसोटी भारताने वाचवली. मांडीचा स्नायू दुखावलेला हनुमा विहारी १६१ चेंडू खेळून २३ वर आणि पाठ धरलेला अश्विन १२८ चेंडूंत ३९ वर नाबाद राहिला. ते पाहून ज्याला काही वाटले नाही त्याच्याशी मला क्रिकेटवर बोलायचे नाही. पुढच्या कसोटीत विहारी खेळू शकला नाही, ही त्याने दिलेली किंमत. ती त्याने स्वतः ठरवून दिली आणि तिच्या बदल्यात सामना वाचला. हे कौतुक राखलेच पाहिजे.

राखायचे कसे, यासाठी मी चार प्रश्न सुचवतो. उतरण्याचा निर्णय खेळाडूने मोकळेपणाने घेतला, की जागा जाईल या भीतीने? इजा काय आहे हे त्याला नीट कळले होते का? सोसून काही साधणार होते का? आणि तो उतरला नसता तर आपण त्याला नावे ठेवली असती का? शेवटचा प्रश्न आपल्यासाठी आहे. त्याचे उत्तर ‘हो’ असेल तर आपले कौतुक कौतुक राहत नाही, ती खंडणी होते.

मालिका संपल्यावर गंभीर बाह्य इजा झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवण्याचा नियम भारतीय क्रिकेट मंडळाने देशातल्या बहुदिवसीय सामन्यांसाठी २०२५-२६ च्या हंगामापासून आणला. मँचेस्टरच्या वेळी गौतम गंभीरने अशा नियमाची बाजू घेतली होती, बेन स्टोक्सने तो हास्यास्पद ठरवला होता. नियमाचा गैरवापर होईल ही भीती खरी आहे, पंचांना आणि डॉक्टरांना डोळे उघडे ठेवावे लागतील. पण या नियमामुळे मर्दुमकी संपेल हे म्हणणे हेल्मेट आले तेव्हाही ऐकू आले होते. हेल्मेट आल्यानंतरही पाटलांनी १७४ केल्या, गायकवाडांनी जालंधरला सव्वाअकरा तास खिंड लढवली.

आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या कबड्डी संघांत आता मुलीही मोठ्या संख्येने उतरतात. त्यांच्यातली एखादी पकडीत गुडघा मुरगळून बाहेर बसते तेव्हा कडेने काय बोलले जाते ते कान देऊन ऐकावे. ‘नाटक करायलीय’ हे दोन शब्दांचे दूषण तिच्या गुडघ्याचे काय करील, ते पंतच्या पायावरून होणाऱ्या चर्चेतच ठरत असते. ती पोरगी घरी गेल्यावर तिला हळदीचा लेप मिळेल. लेपाने सूज उतरते, तुटलेला स्नायुबंध सांधला जात नाही. त्यासाठी कोणीतरी मोठ्या माणसाने मैदानाच्या कडेवरून उठून आत जायला हवे आणि लोक ओरडत असताना सांगायला हवे, की आज एवढे पुरे.